उघड्या झाकणाचा कॉम्प्युटर

गॅरेजमध्ये मोटारसायकलचं ऑइल बदलायला दिलं की मी तिथंच स्टुलावर बसून राहतो. नवा डबा माझ्या डोळ्यांसमोर उघडायला लावतो. गॅसचा सिलिंडर वजन केल्याशिवाय दारातून आत घेत नाही. शाळेतले सहकारी यावर हसतात. बायको हसत नाही, तिला आता त्याचा कंटाळा आला आहे. "तुमाला देव भेटला तर त्याचंबी आधार कार्ड मागाल," असं ती एकदा भाकरी थापता थापता म्हणाली होती. मी आटपाडीतल्या एका हायस्कुलात गणित शिकवतो. ताळा करून पाहिल्याशिवाय उत्तर खरं मानू नका, हे सांगण्यात बावीस वर्षं गेली. ती सवय वर्गातून घरात कधी आली ते कळलं नाही.

अशा माणसानं आयुष्यात एकच मोठी वस्तू आत न बघता घेतली, ती म्हणजे कॉम्प्युटर. लॉकडाउनमध्ये शाळा बंद होत्या. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यावर भूमिती शिकवून डोळे दुखायला लागले, तेव्हा सांगलीच्या एका दुकानातून मी तो आणला. दुकानदार गोड बोलणारा होता. "आठ जीबी रॅम आहे, सर. पाच वर्षं मागं वळून बघायला नको." रॅम म्हणजे काय ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पुढे कळलं की ती कामाच्या टेबलासारखी असते. टेबल जेवढं मोठं, तेवढी कामं एका वेळी पसरता येतात. काळ्या पेटीच्या मागच्या बाजूला एक चंदेरी स्टिकर होता आणि तो फाटला की वॉरंटी संपणार होती. म्हणजे मी पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत मीच डोकावायचं नाही, असा तो करार होता. मला ते खटकलं होतं. पण ऑनलाइन तास आठवड्यावर आले होते, म्हणून घेऊन आलो.

दोनेक वर्षांनी, भर उन्हाळ्यात, तो एका दुपारी बंद पडला तो पडलाच. एसटी स्टँडजवळ दुरुस्तीचं एक दुकान होतं. दुकानदार माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला जरा जास्तच संशय येतो. मी म्हणालो, "मी इथंच बसतो, तुम्ही उघडा." तो म्हणाला, "सर, बसून काय करनार? आदीच चार मशिनं लायनीत हायती. शनवारी या." शनिवारी गेलो. मशीन चालू झालं होतं. पॉवर सप्लाय बदलला, म्हणजे घरातली वीज आतल्या भागांना वाटून देणारी डबी बदलली, असं त्यानं सांगितलं.

त्याच आठवड्यात एक सहकारी निकालपत्रकं करायला माझ्याकडे बसला होता. मशीन फार रेंगाळतंय म्हणाला. त्यानं कुठंतरी दोनदा टिचकी मारली आणि पडद्यावर माहिती उघडली. रॅम चार जीबी.

मी लगेच सांगलीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "आम्ही आठच दिली होती, सर. मध्ये कुणाला उघडायला दिला होता का?"

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या डोक्यात सगळा हिशेब जुळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवरच्या दुकानात गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं होती. त्यांच्यात माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांचे वडीलही होते.

"माझी निम्मी रॅम कुठं गेली?" मी विचारलं.

"मी सप्लाय बदललाय, सर. रॅमला हात लावला न्हाई."

"आठ होती, चार झाली. आता वजाबाकी तुमच्याकडून शिकायची का मी?"

गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. तो काउंटरच्या काचेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "तुमी मास्तर हाय. तुमचंच खरं धरत्याल लोक."

हा कबुलीजबाबच आहे असं मी धरलं. गावात बोलणं पसरायला मला काही करावं लागलं नाही. वर्षभरात त्याचं दुकान बंद झालं. ते कळल्यावर मला वाईट वाटलं नाही, हे इथं लिहून ठेवायला हवं. उलट गणित सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर मी एका शंभर पानी वहीत कॉम्प्युटर काढायला लागलो. कसा असायला हवा, तो. पहिल्या पानावर लिहिलं: साध्या माणसाला परवडला पाहिजे, आणि आज थोडा घेऊन उद्या वाढवता आला पाहिजे. एवढ्या एका ओळीनंतर पुढची सगळी पानं चोर कसा पकडायचा यावर होती. पेटीला पारदर्शक झाकण, म्हणजे आतला प्रत्येक भाग बाहेरून मोजता येईल. दोन किल्ल्यांचं कुलूप, एक मालकाकडे, एक दुरुस्तीवाल्याकडे, दोन्ही लावल्याशिवाय उघडायचं नाही. विजेच्या मीटरला असते तशी शिशाची सीलबंद तार. आत एक यादी, तिच्यावर कोणी काय काढलं, काय घातलं, त्याची सही. सुटीच्या दिवशी जेवण झालं की मी पट्टी घेऊन बसायचो आणि दुपार कशी जायची कळायचं नाही.

वही तशीच कपाटात पडून राहिली असती. पण मुंबईला असलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी शाळेला सहा कॉम्प्युटर भेट दिले. अगदी पातळ, पडद्यातच सगळं बसवलेले. दिसायला सुरेख होते. पहिल्याच उन्हाळ्यात त्यातले दोन बंद पडले. सांगलीहून माणूस आला, त्यानं पडदा मागून-पुढून पाहिला आणि सांगितलं की हे उघडत नाहीत, अख्खाच बदलावा लागेल. कॉम्प्युटरची खोली माझ्याकडे होती, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न मीच विचारायचो. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्हीच बघा काय ते."

बुद्धविहाराशेजारच्या गल्लीत एका तरुण बाईनं दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. पुण्यात एका मोठ्या दुरुस्ती केंद्रात सात-आठ वर्षं काम करून ती वडिलांच्या आजारपणात गावी परतली होती. तिचं कामाचं टेबल रस्त्याकडे तोंड करून, दारातच होतं. उघडलेली मशिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत. मला वाटलं, हासुद्धा दाखवण्याचा भाग असेल. खरं काम आत कुठंतरी होत असेल.

तिनं शाळेचा पडदा हातात घेतला, कडेनं नख फिरवलं. "चिकटवलेलं हाय, सर. उगडाय गेलं तर काच फुटंल. फुटली तर मी जबाबदार न्हाई, आदीच सांगते."

का कुणास ठाऊक, मी पिशवीतून वही काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तिनं प्रत्येक पान सावकाश बघितलं. एकदाही हसली नाही.

"सर, ह्यो कॉम्प्युटर न्हाई. ही बँकेची तिजोरी हाय."

"चोऱ्या होतात म्हणून."

"व्हय, हुत्यात. मी पुन्यात बघितल्यात. पन ह्यात वाढवायचं काय? दुसरी डिस्क कुटं बसवनार? वारा कुटनं येनार? आपल्याकडच्या उन्हात ही काचंची पेटी आतनं भाजून निगंल."

तिनं माझ्याच पेन्सिलीनं कोऱ्या पानावर एक साधा चौकोन काढला आणि मला विचारायला लागली. घरात पहिल्यांदा काय लागतं? मी म्हणालो, अर्ज भरणं, निकाल, मुलांचे धडे. मग तीन वर्षांनी मुलगी इंजिनिअरिंगला गेली तर? मी म्हणालो, मोठी चित्रं काढायला जास्त ताकद लागेल. मग तेव्हा नवा घ्यायचा का? तिनं पेन्सिल खाली ठेवली. "आपल्याकडं घर बांधताना स्लॅबवर कॉलमच्या सळ्या सोडत्यात. वरचा मजला कवा हुईल कुनाला म्हाईत नसतं. पन सळ्या सोडत्यातच. तशी जागा सोडलेला डबा पायजे."

इतकी वर्षं भूमिती शिकवून मला हे सुचलं नव्हतं. पण पटल्याबरोबर दुसरा विचार आला. ही बाई इतकं मनावर का घेतेय? मी तोंडावरच विचारलं, "शाळेची ऑर्डर पाहिजे म्हणून सांगताय का हे?"

"मग, पायजेच की आर्डर," ती म्हणाली. "दुकान काय हौस म्हनून काढलंय व्हय?"

तिनं नाही म्हटलं असतं तर माझा संशय वाढला असता. हो म्हटल्यामुळे मी गोंधळलो आणि थोडा शांतही झालो.

पुढचे दोन महिने रविवारी दुपारी मी तिच्या दुकानात जायचो. दिघंचीच्या रस्त्याला कूलर आणि कपाटं बनवणारा एक पत्र्याचा कारागीर होता. त्याला आमचं चित्र दाखवलं. त्यानं बराच वेळ बघून विचारलं, "ह्यात पानी ठिवायचं न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर त्यानं कमी जाडीचा पत्रा सुचवला. कुठल्याही दुकानात मिळणारा सप्लाय आणि कुठल्याही कंपनीचा मुख्य बोर्ड, म्हणजे बाकीचे भाग ज्याला जोडतात ती पाटी, बसेल अशी भोकं पाडायची ठरली. ऑफिसमधून निघालेली जुनी मशिनं स्वस्त मिळतात, तीच घेऊ, असं मी सुचवलं होतं. तिनं त्यातलं एक उघडून दाखवलं. "ह्यांची वायर ह्यांच्याच सप्लायला बसती. सोयरीक भाईर करतच न्हाईत." स्क्रू सगळे एकाच मापाचे, हातानं फिरणारे. बोर्ड रॅमसाठी चार खाचा असलेला घ्यायचा, पण सुरुवातीला एकच खाच भरायची. जागा दोन डिस्कची. खालून वारा घ्यायला उंच पाय आणि माणदेशी धुळीसाठी मच्छरदाणीच्या जाळीची चौकट, नळाखाली धरून धुता येईल अशी.

आमचं भांडण झालं ते कुलपावरून. मी कडी तरी ठेवाच म्हणत होतो.

"कुलूप लावलं की आत काय हाय ते तुमालासुदा दिसत न्हाई," ती म्हणाली. "मग रोज संशय."

शेवटी ठरलं की बाजूचा पत्रा कपाटाच्या दारासारखा बिजागरीवर उघडेल, कुलूप नाही. आतल्या बाजूला यादी चिकटवायची. माझ्या वहीतली तेवढी एकच गोष्ट तिला आवडली होती.

पहिल्या डब्यात बसवून बघायला माझा घरचाच बोर्ड घेऊ, असं मी म्हणालो. म्हणजे नमुन्याचा खर्च वाचला असता. बोर्ड कुठला आहे ते बघायला तिनं खरेदीचे कागद मागितले. मी घरातून फाइल आणून तिच्या टेबलावर ठेवली. बिलावर फक्त 'संगणक संच, एक नग' एवढंच होतं.  आठ हा आकडा कुठंच नव्हता. त्याखाली ऑनलाइन प्रशिक्षणासाठी शाळेनं भरून घेतलेल्या फॉर्मची प्रत होती.

ती वाचत होती. मग तिनं विचारलं, "सर, तुमची दुरुस्ती कवाची?"

"घेतल्यावर दोन वर्षांनी."

"आन ह्यो फारम?"

"घेतला त्याच महिन्यातला."

"ह्यात रॅम चार लिवलीया. अक्षर कुनाचं हाय?"

अक्षर माझं होतं. मला आठवलं. फॉर्ममध्ये तसा रकाना होता. कुठं बघायचं ते एका सहकाऱ्यानं फोनवरून सांगितलं होतं आणि पडद्यावर दिसला तो आकडा मी उतरवून काढला होता. तो कशाचा आकडा आहे याचा विचारही केला नव्हता. मशीन तेव्हा कोणीच उघडलेलं नव्हतं. स्टिकरसुद्धा शाबूत होता.

मी म्हणालो, "मी चुकीचं लिहिलं असेल."

"असंल की," ती म्हणाली आणि ब्रशनं टेबलावरच्या एका बोर्डाची धूळ झाडायला लागली. तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं.

त्या रात्रीचं काही सांगत नाही. पुढच्या रविवारी सकाळी मी मोटारसायकलवरून विट्याला गेलो. तो दुरुस्तीवाला तिथं फवारणीचे पंप आणि ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या दुकानात कामाला आहे, हे मी शोधून काढलं होतं. त्यानं मला लगेच ओळखलं. स्टूल पुढं सरकवलं. मी उभ्यानंच फॉर्म त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. त्यानं तो दोनदा वाचला.

"म्हंजे सांगलीवाल्यानं फसवलं तुमाला."

"हो. आणि मी तुमचं दुकान घालवलं. माफी मागायला आलोय."

तो नळीच्या वेटोळ्यावरून हात फिरवत राहिला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मग म्हणाला, "रॅमला मी हात लावला न्हवता, सर. पन तुमचा सप्लाय काय जळला न्हवता. पंख्यात धूळ बसली हुती, तेवडी काडली असती तरी चालला असता. मी दुसऱ्याचा जुना घातला आन तुमचा ठिवून घेतला."

माझ्या मनात पहिली भावना आली ती आनंदाची. खोटं कशाला लिहू. वस्तू चुकली होती, पण माणूस बरोबर ओळखला होता, असं वाटून छाती हलकी झाली. ते दोन-चार क्षणच टिकलं. नंतर माझ्या लक्षात आलं की हे मला कधीच कळलं नसतं. माझ्या हातात कागद होता तो त्याच्या बाजूचा होता. त्यानं गप्प राहायचं, माफी घ्यायची आणि मला वाटेला लावायचं, एवढंच बाकी होतं.

"मग सांगितलंत कशाला?" मी विचारलं.

"तुमी माफी मागाय लागला. ती घ्याय जड जायला लागली."

त्यानं समोरच्या टपरीवरून चहा मागवला. आम्ही पाऊस, डाळिंब, पंपाचे नोझल यावर बोललो. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही नाही. परतताना भिवघाटाजवळ गाडी बाजूला लावून मी थोडा वेळ बसलो. माझा त्याच्यावरचा संशय खोटा ठरला होता की खरा, ते मला धड सांगता येईना.

गावात मी स्टँडवरच्या चार दुकानांत जाऊन सांगितलं की रॅमच्या बाबतीत माझी चूक होती, त्या माणसानं ती घेतली नव्हती. काहींना ते प्रकरण आठवतसुद्धा नव्हतं. सप्लायचं मात्र कोणाला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता झालं का समाधान?" मी नाही म्हणालो. "ऱ्हाऊ द्या मग," ती म्हणाली, "जेवाय बसा."

सांगलीच्या दुकानदाराला फोन केला, तर त्याचा आवाज तसाच गोड होता. "त्या टायमाचा माल तसा मिक्स यायचा, सर. बिलावर लिहिलंय का आठ?" बिलावर लिहिलेलं नव्हतं. त्याला धरता येईल असं माझ्याकडे काही नव्हतं. अजूनही नाही.

दुकानातल्या बाईला मात्र मी दोन्ही गोष्टी सांगितल्या, कारण सप्लाय दुरुस्त करणारं कोणीतरी तिला हवं होतं आणि ते काम त्याला चांगलं येत होतं. "घेऊ का त्यांना?" तिनं विचारलं. निर्णय माझ्यावर का टाकतेय, असं माझ्या मनात आलंच. मी म्हणालो, "घ्या. पण दारातल्या टेबलावर बसवा."

"मीबी तितंच बसते की," ती म्हणाली.

आता तो आठवड्यातून एकदा विट्याहून येतो. आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. त्याच्यासमोर बसलो की मी त्याच्या हातांकडे बघतो हे त्यालाही दिसतं, आणि तो काढलेला प्रत्येक भाग न बोलता माझ्या बाजूला ठेवतो.

शाळेत आमचे तीन डबे आहेत. पत्र्याला कारागिरानं कूलरचाच फिकट निळा रंग दिला आहे, त्यामुळे पाहुणे आले की आधी त्यांना ते कूलरच वाटतात. दोन डब्यांत रॅम वाढवून झाली. एकात मोठी डिस्क बसवली. त्यासाठी कोणालाही सांगलीहून यावं लागलं नाही. दाराची बिजागरी करकरते आणि जाळी आठवड्याला धुवावी लागते, या दोन तक्रारी आहेत.

या उन्हाळ्यात पहिल्या डब्याचा पंखा घरघरायला लागला. दुकानातल्या बाईला फोन केला तर म्हणाली, "दुकानातनं पंखा घिऊन जावा आन तुमचं तुमीच बदला. चार तर स्क्रू हायती." मी वीज बंद केली, दार उघडलं, स्क्रू हातानं फिरवले. वीसेक मिनिटं लागली. पहिल्यांदा वायर उलटी लावत होतो, ती खाचेत गेलीच नाही, म्हणून लक्षात आलं. यादीवर तारीख घातली, काय काढलं आणि काय घातलं ते लिहिलं, सही केली. मागं वळलो तर मुख्याध्यापक दारात उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"झालं का?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"आणि जुना पंखा?"

मी टेबलावरचा जुना पंखा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, पात्याला बोटानं फिरवलं, मग यादीजवळ वाकून मी काय लिहिलंय ते चष्मा लावून वाचायला लागले. त्यांचं वाचून होईपर्यंत मी हात बाजूला घेऊन उभा राहिलो.